अलिबागच्या वाटेवर गाडी कुठे थांबवावी

शुक्रवार, रात्र. दादर.

अलिबागला जाऊन आलेल्या मुंबईकराला तिकडे काय बघितलं असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: किनारा, कुलाबा किल्ला, मासळीचं जेवण. ते सगळं मलाही आवडतं. पण त्याच रस्त्याच्या कडेला ज्या चमत्कारिक गोष्टी उभ्या आहेत, त्यांच्यासाठी गाडी थांबवणारं कुणी भेटत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून आज धाकट्या भावाला सुट्टी घ्यायला लावली, आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि समुद्राला पाय न लावता फक्त त्याच बघायच्या असं ठरवून निघालो.

पहिला थांबा अलिबागच्या अलीकडे, खंडाळ्याला. घाटातलं खंडाळा नव्हे, अलिबाग तालुक्यातलं. इथल्या कातळावर घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा आहेत. बेने इस्रायली लोक, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, याला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. प्रेषित एलियाहूचा रथ इथे टेकला होता अशी त्यांची श्रद्धा. हे लोक रायगडात शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावोगाव 'शनिवार तेली'. आडनावं पेणकर, रोहेकर. बरेचसे इस्रायलला गेले, पण इथे येऊन पोहे, खोबरं, फळं घातलेला मलिदा करण्याची रीत त्यांनी सोडलेली नाही. आई चप्पल काढून त्या खुणांपाशी हात जोडून उभी राहिली. कुणाचा देव, हे तिने विचारलंसुद्धा नाही.

अलिबागची चुंबकीय वेधशाळा फाटकाबाहेरूनच पाहिली. भाऊ म्हणाला, "एवढ्यासाठी थांबायचं?" हो, एवढ्यासाठीच. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आधी आपल्या मुंबईत, कुलाब्याला चाले. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने तिथली चुंबकं कशी हलली, याची नोंद आजही जगभरचे अभ्यासक काढून बघतात. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्रामचा बेत ठरला. ट्रामची वीज मोजणीत गोंधळ घालणार, म्हणून 1904 मध्ये अलिबागला ही वेधशाळा उभी केली. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी दोन वर्षं दोन्हीकडे मोजणी सुरू ठेवली, म्हणजे कुलाब्याचे जुने आकडे अलिबागच्या नव्या आकड्यांशी जोडून घेता आले. बांधकामात लोखंड वर्ज्य, दगड पोरबंदरहून आणलेला, त्यात चुंबकाला ओढील असं काही नाही. शहराने एक सोय केली आणि तिच्यापायी दुसरीकडे किती निगुतीने सोय करावी लागली! मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

मग आक्षी. अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की पाच-सहा किलोमीटरवर. मला सगळ्यात जास्त वेळ इथे हवा होता आणि तो मी घेतला. साधारण माणसाच्या छातीइतका धोंडा. वर सूर्य आणि चंद्र, मधे अक्षरांच्या ओळी, खाली गाढव. याला गधेगळ म्हणतात. शिलाहार राजांच्या काळात दान दिलेल्या जमिनीचा असा दगड उभारत. सूर्य-चंद्र असेपर्यंत हे दान चालावं, आणि जो ते मोडील त्याच्या आईला गाढव लागो, असा शाप. मोडणारा पुरुष आणि विटंबना त्याच्या आईची, हे वाचून आईचा चेहरा उतरला आणि तिचं बरोबरच होतं. तरीही हा दगड डोळ्यांपुढून हलत नाही, कारण त्यावरची भाषा आपली आहे. खारं वारं खाऊन अक्षरं बुजली आहेत, उन्हं तिरपी असली तर कडा उठून दिसतात. आम्ही गेलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं, म्हणून भावाने छत्रीची सावली धरली आणि मोबाइलचा उजेड आडवा टाकला. मग बोटाने, दगडाला न टेकवता, ओळीवरून जात आईने 'केसीदेवराय' हे नाव लावलं. तो कोकणचा राजा, पश्चिम समुद्राचा अधिपती असं लेखात म्हटलंय. लेखातला शक 934 धरला तर साल येतं 1012. काही अभ्यासक आकडा वेगळा वाचून लेख दोनशे वर्षं अलीकडे आणतात. आणला तरी काय झालं? 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही सोसायटीत पेढे वाटले होते. तो मान जिच्या वयाला मिळाला, ती मराठी इथे रस्त्यालगत उभी आहे, तिकीट नाही, रांग नाही.

रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात रशियन माणसाचं स्मारक आहे. अफानासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी, पंधराव्या शतकात विकायला घोडा घेऊन इथे लागूनच असलेल्या चौलच्या बंदरात उतरला. तेव्हा वास्को द गामा यायला अजून पंचवीसेक वर्षं होती. लोक आपल्या गोऱ्या रंगाकडे बघत मागे मागे येतात, असं त्याने लिहून ठेवलंय. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, तरच परत देतो असं सांगितलं. एका ओळखीच्या माणसाच्या रदबदलीने घोडा सुटला आणि पुढे बिदरला विकला गेला. घरी पोचण्याआधी वाटेतच निकितिन वारला. हे स्मारक 2002 मधलं. मधली सुट्टी होती. मी एका मुलाला विचारलं, "हे कोण रे?" तो डबा खाता खाता म्हणाला, "काकू, रशियाचा व्यापारी. घोडा आणलेला त्याने." एवढं ज्या शाळेतल्या पोराला ठाऊक आहे त्या शाळेला माझा नमस्कार.

पुढे खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. 1740 मध्ये चौल मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज गेले, पण या गावच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेतून घडलेली एक बोली राहून गेली. साधारण हजारभर माणसं ती बोलतात. दारात मासे साफ करणारी बाई नातवाला काहीतरी सांगत होती, त्यातला शब्द कळेना. आमच्याकडे वळून तिने "बसा ना ताई, पाणी देऊ?" असं स्वच्छ मराठीत विचारलं. आई बसलीच. दोघींचं बोंबलांच्या भावावरून जमलं ते तासभर.

त्यामुळे नवगाव राहिलं. बेने इस्रायलींचे पूर्वज जहाज फुटून जिथे किनाऱ्याला लागले असं ते मानतात, तिथे त्यांनी खांब उभारलाय. आता पावसाळ्याआधी तिकडे जायचं, आणि त्याआधी वेधशाळेला परवानगीसाठी पत्र टाकायचं. पत्राचा मजकूर आईने गाडीतच तोंडी सांगून ठेवलाय.