स्वान, गरुड आणि लेमन : या मोसमाची नोंद

ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्याकडे एकाच पंधरवड्यात दोन धूमकेतू होते. सी/2025 ए6 लेमन सगळ्यांच्या तोंडी होता. सी/2025 आर2 स्वानकडे मात्र त्या मानाने कमी लोकांनी कॅमेरे वळवले. माझ्या मते आपल्या अक्षांशावरून खरी पर्वणी स्वानचीच होती. ऐन वसुबारसेच्या सुमारास तो गरुड तेजोमेघाच्या, म्हणजे एम16 च्या शेजारून गेला. धूमकेतू आणि तेजोमेघ एका चौकटीत मिळावेत, तेही 40 अंश उंचीवर आणि चंद्र नसताना, असा योग सारखा येत नाही.

लेमन 21 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला, पृथ्वीच्या सर्वात जवळ होता. अंतर साधारण 0.6 खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या 0.6 पट. युरोपातले फोटो बघून आपणही तसाच काढू असं वाटत होतं. पण तेव्हा तो भूतप तारकासमूहात, सूर्याच्या उत्तरेला होता. इथे पुण्याजवळ, 18 अंश अक्षांशावरून बघताना तो सूर्यास्तानंतर जेमतेम दीड तासात मावळायचा. संधिप्रकाश पुरता जाईपर्यंत तो क्षितिजाला टेकत आलेला. दहा अंश उंचीवरच्या वस्तूचा प्रकाश डोक्यावरच्यापेक्षा साडेपाच पट हवेतून येतो, त्यात दिवाळीचा धूर. 135 मिमी लेन्स, 10-15 सेकंदांच्या फ्रेम्स (सुटे फोटो), आणि त्यातून हिरवट डोकं व निळसर वायुशेपटीचा पहिला तुकडा हाती लागला. महिनाअखेरीस तो जास्त उंच मिळायला लागला, तर अरबी समुद्रावरून ढग आले. लेमनची नोंद एवढीच.

स्वानची जन्मकथा मला फार आवडते. युक्रेनच्या व्लादिमीर बेझुग्ली या हौशी निरीक्षकाला तो सप्टेंबरमध्ये सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानावरच्या स्वान उपकरणाच्या प्रतिमांत सापडला. तोवर तो सूर्याच्या झगमगाटात दडून होता. हे उपकरण हायड्रोजनचा अतिनील प्रकाश टिपतं, तरंगलांबी 121.6 नॅनोमीटर. धूमकेतूतल्या पाण्याचे रेणू उन्हाने फुटतात, त्यातून सुटलेल्या हायड्रोजनचा मोठा ढग डोक्याभोवती पसरतो आणि तोच तिथे दिसतो. एम16 चा लाल रंगही हायड्रोजनचाच, फक्त 656.3 नॅनोमीटरचा. म्हणजे हायड्रोजनमुळे सापडलेला धूमकेतू हायड्रोजनच्याच ढगापुढून चालला होता. एक जेमतेम चार कोटी किलोमीटरवर, दुसरा साडेपाच हजारांहून जास्त प्रकाशवर्षांवर.

जागा निवडताना एरवीची सवय मोडावी लागली. आम्ही पुणेकर अंधारासाठी बहुतेक वेळा पूर्वेला, बारामतीच्या वाटेला लागतो. तिथून संध्याकाळच्या पश्चिम आकाशात नेमका पुण्याचा उजेड येतो. यंदा पश्चिमेला गेलो, वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या बाजूला. तिथे शहराचा उजेड पाठीमागे ईशान्येला राहतो आणि नैर्ऋत्येचं आकाश बरंच काळं मिळतं. ध्रुवतारा 18 अंशांवर, डोंगराआड. आकाशाबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे जुळवावा लागतो. पण नीना या सॉफ्टवेअरमधलं थ्री-पॉइंट पोलर अलाइनमेंट ध्रुव न दिसताही चालतं, त्यामुळे ट्रॅकर पंधरा-वीस मिनिटांत जुळला. ड्यू हीटर पहिल्यापासून चालू ठेवा, ऑक्टोबरचं दव सह्याद्रीत लेन्सला सोडत नाही.

दुर्बीण 51 मिमीची, फोकल लेंग्थ 250. कॅमेरा मॉडिफाइड डीएसएलआर, म्हणजे सेन्सरपुढचा लाल अडवणारा फिल्टर काढलेला. चौकट साधारण पाच अंश बाय साडेतीन अंश, म्हणजे एम16, खाली एम17 हा दुसरा तेजोमेघ आणि वर शार्पलेस 54 या तिसऱ्याचा फिकट भाग, सगळं बसतं.

आता मुद्द्याचं. या दोन गोष्टी कॅमेऱ्याकडे अगदी उलट मागण्या करतात. धूमकेतू मिनिटाला तीन-चार पिक्सेल सरकत होता, म्हणून 30 सेकंदांच्या वर फ्रेम नको. तेजोमेघाच्या फिकट कडांना तासच्या तास प्रकाश हवा, कारण गोंगाट (फोटोतले दाणे) निम्मा करायचा तर प्रकाश चौपट लागतो. आणि फिल्टरचं गणित तर त्याहून महत्त्वाचं. ड्युअल-बँड फिल्टर फक्त हायड्रोजन-अल्फा, म्हणजे वर सांगितलेला 656.3 नॅनोमीटरचा लाल, आणि 500.7 नॅनोमीटरचा ऑक्सिजन आत सोडतो. धूमकेतूच्या डोक्याचा हिरवा रंग दोन कार्बन अणूंच्या रेणूचा, 516 नॅनोमीटरच्या आसपासचा. अरुंद फिल्टरमध्ये तो बाहेरच राहतो, शेपटीतला कार्बन मोनॉक्साइड आयनांचा निळाही जातो. म्हणून धूमकेतूच्या रात्री फिल्टर पूर्ण काढून ठेवला. पार्श्वभूमी पुढच्या संध्याकाळी, धूमकेतू पुढे सरकल्यावर, त्याच चौकटीत फिल्टर लावून 180 सेकंदांच्या फ्रेम्सनी घेतली. एम16 अंधार पडल्यापासून दीड-पावणेदोन तासच वापरण्याजोग्या उंचीवर असतो, त्यामुळे दोन-तीन संध्याकाळी लागतातच.

सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये धूमकेतूचा केंद्रबिंदू दाखवून धूमकेतूवर जुळवलेला स्टॅक (सगळ्या फ्रेम्स एकत्र करून झालेला एक फोटो) केला. त्यात तारे रेघा होतात. सिग्मा क्लिपिंगने (सरासरीपासून फार वेगळे पिक्सेल वगळून) त्या बहुतेक जातात, उरलेल्या तारे पुसणाऱ्या स्टारनेटने काढल्या. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका फ्रेममध्ये होता तो नुसता हिरवा ठिपका आणि त्याला चिकटलेला राखाडी धागा. स्टॅक ताणल्यावर, म्हणजे त्यातला फिकट उजेड वाढवल्यावर, तोच धागा पूर्वेकडे वाढत गेला, मध्ये किंचित वाकला, आणि पुढे दोन फाटे स्पष्ट दिसले. सौरवाऱ्याने ओढलेली ती वायुशेपटी. ते बघताना मी किती वेळ खुर्चीतून उठलो नाही, माझं मलाच कळलं नाही.

शेवटी तारे आणि तेजोमेघ एका थरात, धूमकेतू दुसऱ्या थरात, आणि दोन्ही आपापल्या जागी. धूमकेतूची जागा त्या रात्रीच्या मधल्या फ्रेमवरूनच घेतली, एक पिक्सेलही हलवली नाही. फोटोखाली कोणता थर कोणत्या तारखेचा हे लिहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. थर जोडण्यात गैर काही नाही, पण बघणाऱ्याला ते माहीत असलं पाहिजे. नुसत्या एका रात्रीचा, फिल्टरविना फोटोही मी सोबत ठेवतो. त्यात गरुड फिकट आहे, पण सगळं एकाच आकाशातलं आहे.

सध्या ययातीतला कॅलिफोर्निया तेजोमेघ, एनजीसी 1499, चालू आहे. धूमकेतूच्या धावपळीनंतर हे काम फार सुखाचं. मध्यमंडलावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर) तो आपल्याकडे 72 अंशांवर, जवळपास डोक्यावर येतो, तेव्हा पूर्वेची जागाही चालते. लांबी अडीच अंश, 250 मिमीला अगदी मापात. मॉडिफाय न केलेल्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढचा फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा जेमतेम पाव हिस्सा आत सोडतो, म्हणून तसा कॅमेरा असेल तर वेळ तिप्पट-चौपट धरा, पण सोडू नका. माझे आतापर्यंत सात-आठ तास झालेत. दक्षिणेची कड दिसायला लागली आहे, उत्तरेकडचा पसरट धूसर भाग अजून गोंगाटात आहे. पुढच्या अमावास्येला आणखी तेवढेच तास घालायचे आहेत. कुणी याच चौकटीचा हायड्रोजन-अल्फा डेटा गोळा करत असेल तर आपण फ्रेम्स एकत्र स्टॅक करून बघू. फक्त फ्लॅट्स (एकसारख्या उजेडाचे, दुरुस्तीसाठीचे फोटो) ज्याचे त्याने त्याच रात्री, फोकस न हलवता घेतलेले हवेत.