आडवं बोअर

एप्रिल २०१३. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या उभ्या वाळत होत्या आणि माझ्या टेबलावर रोज एकाच साच्यातले अर्ज येऊन पडत होते: 'गावच्या पाण्याच्या विहिरीशेजारी अमुक इसमाने विहिरीचे काम काढले आहे, तरी ते बंद करावे.' मी तेव्हा कनिष्ठ भूवैज्ञानिक होतो. अर्ज आला की फीत, कंपास आणि गाडी मिळालीच तर गाडी घेऊन निघायचं.

अंबड तालुक्यातला असाच एक अर्ज. नळयोजनेच्या विहिरीपासून अंतर मोजलं, २१० मीटर. दोन्ही विहिरी एकाच ओढ्याच्या अंगाला. १९९३ च्या भूजल कायद्याप्रमाणे सार्वजनिक पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नव्हती. आणि घेणं म्हणजे नवी खोदणंच नव्हे, जुनी खोल करणंही त्यातच आलं. गाळ काढणं मात्र त्यात येत नव्हतं. त्यामुळे त्या उन्हाळ्यात जो तो गाळच काढत होता!

"गाळ काढायला कायची परवानगी सायेब?" मालकांनी मी गाडीतून उतरायच्या आतच विचारलं. साठीचे गृहस्थ, दोन एकर मोसंबी, चौदा वर्षांची झाडं.

अशा वेळी माणसाशी वाद घालत बसायचं नसतं, सरळ ढिगाऱ्याकडे जायचं. सुरुंग लावून खाली गेलेले असतील तर ढिगाऱ्यात ताजा काळा पाषाण दिसतो, कडा हाताला लागतील अशा, मधूनच चकाकणाऱ्या गारा. इथे गाळ वर ओढायच्या यारीजवळ पडलेला होता तो खराखुरा गाळ. काळा, कुबट वासाचा, त्यात शंख, नारळाच्या करवंट्या, एक लहान मुलाची चप्पल. फीत सोडली, साडेएकावन्न फूट. त्यांनी घरातून विहिरीच्या कर्जाचा जुना कागद आणला, त्यावर ५२ फूट. मनातल्या मनात मी अर्ज निकाली काढून टाकला होता.

तरी खाली उतरलो, का ते आता सांगता येणार नाही. बहुधा सावली हवी होती.

तळापासून पुरुषभर उंचीवर विहिरीच्या भिंतीत तीन भोकं होती, मुठीएवढी. भोकांखालचा दगड ओला होता आणि त्यावर राखाडी पिठाचे ओघळ सुकले होते. एकातून करंगळीएवढी धार चालू होती. कंपास लावला. तिन्हींचा रोख गावच्या विहिरीकडे.

"शंभर शंभर फूट मारलेत," वरून आवाज आला. त्यांनी काहीच लपवलं नाही. "पण खाली एक इंचबी गेलो नाही, मोजा तुमी."

मोजलंच होतं. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी असतं ते उभ्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. उभं बोअर भेग चुकवून खाली निघून जातं, आडवं तिला कापत जातं. माणसाला खडक बरोबर कळला होता. कायद्याच्या व्याख्येत खोदणं, वेधन म्हणजे बोअर मारणं, खोलीकरण असे शब्द. पण जुन्या विहिरीच्या पोटातून बाजूला गेलेलं भोक नवी विहीर म्हणायचं की खोलीकरण?

सरपंच म्हणाले, बंद करा. मालक म्हणाले, "पंचायतीनं मागल्या महिन्यात तिची विहीर बारा फूट खाली नेली. माझं पाणी तवाच उतरलं. त्याचा पंचनामा केला का कुनी?" कायद्याच्या नावातच पिण्याचं पाणी आहे आणि जपायची ती पंचायतीचीच विहीर, हे मी सांगितलं. सांगताना मला स्वतःलाच ते फार पटत नव्हतं. बाराशे माणसांचं गाव, दोन एकर बाग. हिशोब सोपा होता, पण त्या दोन एकरांत त्यांची चौदा वर्षं होती.

"मग लिहून द्या, आडव्या बोअरला परवानगी लागतीय का न्हाई."

पंचनाम्यात लिहिलं: 'खोलीत वाढ आढळली नाही. तीन आडवी वेधने आढळली, दिशा ईशान्य.' शेजारी बाण काढून नकाशा जोडला. वेधन ते वेधनच, परवानगी लागते, असा अभिप्राय दिला आणि व्याख्या स्पष्ट व्हावी म्हणून वरच्या कार्यालयाला वेगळं पत्र टाकलं. आदेश निघाला तो त्यातल्या कशावरच नाही. टंचाईच्या काळात एक किलोमीटरच्या आतला उपसा थांबवता येत होता, ते कलम हाताशी होतं. मोटारीचे फ्यूज काढून नेले. भोकांचा प्रश्न तसाच राहिला. २०१४ च्या जूनपासून नवा कायदा लागू झाला, त्यात ६० मीटरच्या खाली गेलेली ती 'खोल विहीर'. फीत पुन्हा उभीच.

२०१३ च्याच ऑक्टोबरमध्ये पाणीपातळ्या घ्यायला त्याच रस्त्याने गेलो होतो. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. विहिरीत डोकावलो, पाणी चौदा फुटांवर, तिन्ही भोकं खोल पाण्याखाली. बाग मुळासकट काढलेली होती, तिथे कापूस होता. मालक शेतावर नव्हते. माझ्या पत्राला उत्तर आलेलं नव्हतं.