युनियनच्या सुरक्षा वर्गात : माझा अनुभव

भोसरीतल्या आमच्या कंपनीत सुरक्षेचं शिक्षण म्हणजे ४ मार्च. राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा बिल्ला लावायचा, शपथ म्हणायची, मशीनवर जायचं. त्यामुळे प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनच्या खात्यातून, युनियनच्या वर्गाला माझं नाव गेलं तेव्हा हेल्मेट-बुटांवर भाषण ऐकायचं, अशीच तयारी ठेवली होती.

शिकवणाऱ्या ताईंनी भाषण केलंच नाही. भिंतीवर माणसाच्या अंगाची आकृती काढलेले मोठे कागद लावले, एक पुढून, एक पाठीमागून. जिथे दुखतं तिथे टिकली चिकटवा म्हणाल्या. प्रत्येक खात्याचा रंग वेगळा. आमच्या लाल टिकल्या उजवा खांदा, कंबर आणि कानांवर दाटल्या. खांदा धरतो तो वयामुळे, असं मी धरून चाललो होतो. पण पंचविशीतल्या पोराचीही टिकली तिथेच! बोटांवरच्या टिकल्यांबद्दल कुणी काही विचारलं नाही. त्या लावणारे हात सगळ्यांसमोरच होते.

मग कायदा. वर्ग झाला तेव्हा १९४८ चा कारखाने अधिनियमच लागू होता. भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ साली त्यात भर पडली. त्यातली बरीच कलमं घातक प्रक्रियेच्या कारखान्यांपुरती, पण १११-अ सगळ्यांना लागू : आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडे मागायची, प्रशिक्षण मागायचं, सोय अपुरी असेल तर थेट फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे जायचं. कलम २१ मशीनच्या गार्डचं, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावायच्या आडोशाचं. हे इतकी वर्षं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, याचा रागच आला.

खरा घाम निघाला तो अर्ज लिहिताना. ‘योग्य ती काळजी घ्यावी ही नम्र विनंती’ हे माझं वाक्य ताईंनी सरळ खोडलं. कोणती मशीन, गार्ड कधीपासून काढलेला, पायाच्या पेडलऐवजी दोन्ही हातांनी दाबायची बटणं (म्हणजे हात मशीनखाली राहत नाहीत) कुठे हवीत, ते लिहा म्हणाल्या. आवाजाच्या मोजणीचे आकडेही मागायला लावले. आठ तासांच्या पाळीला तेव्हा मर्यादा ९० डेसिबल होती. इअरप्लग, हातमोजे हा उपाय शेवटचा, आधी मशीन सुधारा, हे त्यांनी पुन्हापुन्हा बजावलं. आमच्याकडे सगळा कारभार उलटा!

मी एकट्याने दिलेल्या अर्जाची पोच मिळाली नाही. तोच मजकूर युनियनच्या लेटरहेडवर, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला प्रत असं खाली लिहून दिला, तेव्हा शिक्का लगेच पडला. यथावकाश काही प्रेसवर दोन बटणं आली. टार्गेट कमी होईल म्हणून सुपरवायझर कुरकुरले, ते वेगळं.

आवाजाचे आकडे अजून आलेले नाहीत. त्यासाठी स्मरणपत्र दिलंय. प्रेसवर आता निम्म्याहून जास्त पोरं कंत्राटी आहेत. त्यांना वर्गाला सोडलं नव्हतं, आणि स्मरणपत्रावर त्यांच्या सह्या आम्हीच घेतल्या नाहीत. सही दिसली की दुसऱ्या दिवशी गेटपास बंद होतो, हे गेटवरच्या वॉचमनलाही माहीत आहे.