जुनो-१०६ शोधायला गेले आणि आल्फा जुनो घेऊन आले

मला रोलँड कंपनीचा जुनो-१०६ हवा होता, विजेच्या लहरींतून सूर घडवणारा जुना ॲनालॉग सिंथेसायझर. एका वेळी सहा सूर धरणारा, जवळजवळ प्रत्येक गोष्टीला वेगळा स्लायडर असणारा, आणि ज्याच्या कोरसमधून, म्हणजे आवाज दाट करणाऱ्या परिणामातून, साधा एक सूरसुद्धा रुंद होऊन बाहेर पडतो तो सिंथ. त्याची सॉफ्टवेअरमधली नक्कल मी तीन वर्षं वाजवत होते. आवाज छान होता, पण माऊसने स्लायडर ओढताना दुसरा हात रिकामाच राहायचा. एका हाताने फिल्टर, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणारा भाग, उघडता उघडता दुसऱ्या हाताने पल्स विड्थ, म्हणजे लहरीची रुंदी, हलवायची, ही गोष्ट मला बोटांनी करायची होती.

मिनीमूग, प्रॉफेट-५, ज्युपिटर-८ ही गाजलेल्या जुन्या सिंथची नावं माझ्या ऐपतीबाहेरची होती, त्यांचा विचारही केला नाही. १०६ मात्र ‘त्यातल्या त्यात परवडणारा’ असं सगळीकडे ऐकलं होतं. चौकशी सुरू केल्यावर कळलं की ते खूप जुनं झालं. एके काळी हे सिंथ खरोखर स्वस्तात जात. १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ हा सिंथ आला, सगळ्यांना तो काचेसारखा स्वच्छ डिजिटल आवाज हवासा झाला आणि ॲनालॉग यंत्रं अडगळीत गेली. ती फुकटाच्या भावात मिळण्याचे दिवस मी जन्मायच्या आधीच संपले होते.

तरी एक १०६ सापडला आणि मी बघायला गेले. फोनवर ‘सगळं चालू आहे’ असं उत्तर मिळालं होतं. जाण्याआधी मी एक गोष्ट शिकून घेतली होती, ती १०६ बघायला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. ‘की ट्रान्सपोज’चं बटण दाबून धरून सिंथ सुरू केला की तो चाचणीच्या स्थितीत जातो. मग पट्टी दाबली की सहापैकी कोणता आवाज, म्हणजे एकेक सूर काढणारं कोणतं सर्किट, वाजतोय त्याचा आकडा समोर दिसतो. एक, दोन, तीन ठीक होते. चौथ्याला बारीक खरखर होती आणि पट्टी सोडल्यावरही तो मागे रेंगाळत होता. पाचवा इतरांपेक्षा दबका होता. नुसते मोठे कॉर्ड वाजवले असते तर हे मला कळलंच नसतं, कारण उरलेल्या चारांनी त्या दोघांना झाकून टाकलं असतं.

दोष विकणाऱ्याचा नव्हता, वयाचा होता. १०६ मध्ये प्रत्येक आवाजाचा फिल्टर आणि ॲम्प्लिफायर सर्किटच्या एकाच छोट्या पाटीवर बसवलेला असतो. तिचा क्रमांक ८००१७ए, आणि तिच्यावर राळेचा काळा लेप असतो. इतक्या वर्षांनंतर त्या लेपातून विद्युतप्रवाहाची गळती सुरू होते आणि एकेक आवाज आजारी पडतो. ॲसिटोनमध्ये भिजवून लेप काढला की पुष्कळदा ती पाटी पुन्हा जिवंत होते. नव्याने बनवलेले पर्यायी भागही मिळतात. म्हणजे इलाज आहे. पण एका सिंथमध्ये अशा सहा पाट्या असतात, आणि आज दोन बिघडल्या असतील तर बाकीच्या चार त्याच वयाच्या आहेत. सांगितलेल्या किमतीत सहा भाग आणि कारागिराची मजुरी मिळवली तेव्हा मी हिशेबाचा कागद घडी करून ठेवला आणि आभार मानून निघाले.

त्या दिवशी परतताना मी प्रश्नच बदलला. आतापर्यंत ‘१०६ कुठे स्वस्त मिळेल’ एवढंच शोधत होते. आता विचारलं, मला त्यातलं नेमकं काय हवंय? आवाज हवा होता. खरा ॲनालॉग फिल्टर, खरा कोरस, सहा सूर. स्लायडरही हवे होते, पण त्यांची किंमत आवाजापेक्षा जास्त लावली जाते हे तोवर लक्षात आलं होतं. जुन्या ॲनालॉग सिंथच्या बाजारात पैसे मुख्यतः दोन गोष्टींचे पडतात, नावाचे आणि नॉबचे. १९८३ नंतर कंपन्यांनी खर्च वाचवायला समोरची पाटी मोकळी केली. आत ॲनालॉगच, पण बाहेर थोडी बटणं आणि एक पडदा. जे सिंथ आज तुलनेने कमी भावात मिळतात ते बहुतेक याच काळातले.

यादी केली. कॉर्गचा पॉली-८०० हलका, बॅटरीवरही चालणारा आणि गोड, पण आठ सूर असूनही सगळ्यांना मिळून एकच फिल्टर, म्हणून नाही. कॉर्गचा डीडब्ल्यू-८००० आणि एन्सॉनिकचा ईएसक्यू-१, दोन्ही मला मनापासून आवडतात. पण त्यांच्यात सुरुवातीची लहर डिजिटल आहे आणि फिल्टर ॲनालॉग, म्हणजे चव वेगळी. कॉर्गच्याच पॉलीसिक्सचा मोह झाला होता, पण त्याच्या आतली जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी गळून सर्किटच्या रेषा खाते, आणि ती दुरुस्ती माझ्या हातची नव्हती. नवा मिनीलॉग घ्यावा का, याचाही प्रामाणिकपणे विचार केला. तो २०१६चा, पूर्ण ॲनालॉग, चार सुरांचा आणि नॉबनी भरलेला. ज्याला स्क्रूड्रायव्हर हातात धरायचाच नाही त्याने तोच घ्यावा असं मी आजही सांगेन. मला सहा सूर हवे होते आणि यंत्र उघडायची तयारी होती.

उरला रोलँडचा आल्फा जुनो-१. १९८५चा, ४९ पट्ट्यांचा, १०६चा धाकटा भाऊ. त्याच्या फिल्टरमध्ये ते काळे लेप नाहीत, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ही. सूर दोघांतही डीसीओ पद्धतीने, म्हणजे डिजिटल नियंत्रणाखालच्या ऑसिलेटरमधून, तयार होतो. मिनीमूगसारख्या जुन्या यंत्रांत ऑसिलेटर, म्हणजे लहर तयार करणारा भाग, विजेच्या दाबावर चालतो. खोली तापली की सूर सरकतो आणि वाजवणाऱ्याला मधेमधे सूर लावावा लागतो. डीसीओमध्ये लहर ॲनालॉगच असते, पण तिने पुन्हा कधी सुरुवात करायची ते क्रिस्टलवर चालणारं घड्याळ ठरवतं, त्यामुळे सूर हलत नाही. कुणी याला नाक मुरडतात, मला मात्र सुरू केल्या क्षणी सुरात असलेलं यंत्रच हवं होतं. शिवाय आल्फा जुनोत लहरींचे प्रकार १०६पेक्षा जास्त आहेत. चौकोनी पल्सचे चार, करवतीच्या दातांसारख्या सॉटूथचे सहा, खालच्या सप्तकाच्या सबचे सहा. त्यातल्या एका सॉटूथची रुंदी पल्ससारखी हलवता येते आणि तो आवाज १०६मधून निघतच नाही. नृत्यसंगीतातला गाजलेला ‘हूवर’ आवाज याच यंत्राच्या ‘व्हॉट द’ नावाच्या तयार आवाजातून आला.

विकणारे काका स्वतः वाजवणारे होते, नव्याने घेतलेला सिंथ त्यांनी आजवर सांभाळला होता. फोनवर मी दोन विनंत्या केल्या. मी येईपर्यंत सिंथ बंद ठेवा, आणि मला तासभर बसू द्या. थंड यंत्र सुरू होताना काय करतं ते बघायचं असतं, आणि अर्ध्या तासाने तापल्यावर काय करतं तेही. काही दोष फक्त थंडपणी दिसतात, काही फक्त गरम झाल्यावर. काका म्हणाले, “अगं, दोन तास बस. गिऱ्हाईक असंच असावं.”

जाताना माझा हेडफोन, माझ्या केबल, लॅपटॉप आणि मिडीचा, म्हणजे वाद्यं आणि संगणक जोडणाऱ्या पद्धतीचा, इंटरफेस घेतला. दुसऱ्याच्या स्पीकरवर खरखर लागली तर ती सिंथची की स्पीकरची, हे ठरवता येत नाही. आधी सिंथच्या मागच्या लेबलवरचं व्होल्टेज वाचलं. एकच यंत्र वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या दाबाचं बनवलेलं असतं, आणि जपानी बाजाराचं १०० व्होल्टचं यंत्र थेट २३० व्होल्टला लावलं तर खेळ तिथेच संपतो. मग कोरस बंद करून सगळ्यात साधा आवाज निवडला. कोरस दोष झाकतो, म्हणून तो आधी बंदच हवा. सहा पट्ट्या एकदम दाबून धरल्या आणि एकेक सोडत शेवटच्या एकीवर आले. क्रम बदलून तेच पुन्हा, मग फिल्टर जवळजवळ मिटवून पुन्हा. सहाही आवाज सारखे उघडत होते, सारखे मिटत होते. त्या क्षणी मी मनातून सिंथ घेतला होता, पण तपासणी अर्धी सोडली नाही.

४९ पट्ट्या एकेक करून, हळू आणि जोरात. वरच्या सप्तकातल्या तीन पट्ट्या दाबूनही मधेच गप्प राहायच्या. पट्ट्यांखालच्या रबरी संपर्कांवर धूळ बसली की असं होतं. साफ केलं की बहुधा जातं, म्हणून त्याची फार काळजी केली नाही. बटणं जास्त त्रासदायक होती. काही दोनदा दाबावी लागत, एक दाबलं की दोन पावलं पुढे जाई. मोठी गोल चकती, म्हणजे आल्फा डायल, नीट फिरत होती. लॅपटॉपवरून मिडीने सूर पाठवून पाहिले तेव्हा एक आनंदाची गोष्ट पडताळता आली. या सिंथच्या स्वतःच्या पट्ट्यांना दाबाचा जोर कळत नाही, पण आतल्या यंत्रणेला कळतो. बाहेरच्या चांगल्या कीबोर्डवरून वाजवलं की हळू आणि जोर यांतला फरक आवाजात उतरतो.

किमतीचं बोलणं सोपं झालं. काय बिघडलंय ते मी दाखवलं, काकांनी ते मान्य केलं आणि बटणांच्या कामाइतके पैसे कमी केले. १०६साठी मागितले होते त्याच्या निम्म्याहून बरेच कमी. निघताना ते म्हणाले, “आत मी बनवून साठवलेले आवाज आहेत. पुसलेस तरी चालेल.”

पुसायचे नव्हतेच. घरी आणल्यावर सिंथ उघडण्याआधी पहिलं काम केलं ते आवाज उतरवून घेण्याचं. आल्फा जुनोत ६४ आवाज कायमचे कोरलेले असतात आणि ६४ आपण साठवू शकतो. साठवलेले आवाज एका सीआर२०३२ बॅटरीच्या जिवावर जगतात. ती काढली की गेले. मिडी केबल लावून बल्क डम्प, म्हणजे सगळे आवाज एकदम पाठवायचा हुकूम, दिला आणि लॅपटॉपवर सिस्एक्सची, म्हणजे या सिंथच्या खास मिडी संदेशांची, फाईल पकडली. ६४ आवाज, पाच किलोबाइटसुद्धा नाहीत. दोनदा उतरवून दोन्ही फाईली जुळवून पाहिल्या, कारण इथे चूक झाली तर दुसऱ्याच्या कित्येक वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरतं.

मग उघडला. प्लग काढून रात्रभर तसाच ठेवला होता, कारण पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये वीज राहिलेली असू शकते. मल्टिमीटर लावला तर तीन व्होल्टची बॅटरी अडीचवर आली होती. आणखी काही महिन्यांत सगळे आवाज आपोआप पुसले गेले असते. ती थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेली होती. मी ती काढून तिथे होल्डर बसवला, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला सोल्डरिंग गन लागणार नाही. हे करणाऱ्यांना कळकळीने सांगते, नव्या बॅटरीला थेट डाग देऊ नका. तापली की ती फुटू शकते. होल्डरचे प्लस-मायनस कागदावर काढून मगच बसवा.

बटणांना दोन संध्याकाळी लागल्या. प्लास्टिकच्या बटणांखाली साधे टॅक्ट स्विच असतात, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे. फक्त उंची जुन्याइतकीच हवी, नाहीतर वरचं बटण अडकतं. बिघडलेले तेवढेच बदलावे असं आधी वाटलं होतं, पण बाकीचे त्याच वयाचे, म्हणून सगळेच बदलले. पट्ट्यांचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसले. तीनपैकी दोन पट्ट्या लगेच बोलल्या, तिसरी दुसऱ्या सफाईनंतर. झाकण बंद करून वीज दिली, पडद्यावर अक्षरं उमटली आणि मेमरीत अपेक्षेप्रमाणे कचरा दिसला. फाईल परत पाठवली. काही सेकंदांत काकांचे ६४ आवाज आपापल्या जागी बसले.

राहिला स्लायडरचा प्रश्न. रोलँडने आल्फा जुनोसाठी पीजी-३०० नावाचा स्लायडरचा वेगळा डबा काढला होता, पण तो आज सिंथच्या तुलनेत फार महाग पडतो. आवाजाचे सगळे ३६ घटक मिडीच्या सिस्एक्स संदेशांनी हलवता येतात. म्हणून सिस्एक्स पाठवू शकणारा नॉबचा एक छोटा कंट्रोलर घेतला आणि जे रोज लागतं तेवढंच त्यावर बसवलं. फिल्टरची कटऑफ, रेझोनन्स, एन्व्हलपची, म्हणजे सुराच्या चढउताराची, चार वळणं, पल्स विड्थ, कोरसचा वेग. एकदम दोन-तीन नॉब फिरवले की सिंथ किंचित अडखळतो, कारण संदेश वाचायची त्याची चाल जुनी आहे. हळू फिरवायची सवय लागली. आता एका हाताने फिल्टर उघडताना दुसरा हात पल्स विड्थवर असतो.

१०६सारखाच आहे का, असं विचारतात. नाही. १०६चा खालचा भाग जास्त गोल आणि भरीव आहे, आल्फाचा जरा कोरडा आणि वरच्या बाजूला धारदार. एन्व्हलप मात्र आल्फाची अधिक लवचिक. तीन पातळ्या आणि चार वेळा देता येतात, त्यामुळे मिटत मिटत पुन्हा वर येणारा सूर सहज काढता येतो. हळू उमलणाऱ्या पसरट आवाजांसाठी, म्हणजे पॅडसाठी, मी आता १०६ची नक्कल उघडत नाही.

काकांच्या आवाजांतले निम्मे मी आजही वापरते. प्रत्येकाला दहा अक्षरांपर्यंत नाव देता येतं. मेमरी ३४ वर त्यांनी रोमन अक्षरांत ‘पाऊस’ लिहून ठेवलंय. खूप उशिरा चढणारा, कोरसमध्ये भिजलेला, सब ऑसिलेटरवर तोललेला पॅड. फाईलची एक प्रत त्यांना पाठवली आणि सोबत त्याच आवाजावर वाजवलेलं चार मिनिटांचं ध्वनिमुद्रण. दुसऱ्या दिवशी फोन आला. एकोणपन्नास पट्ट्या अपुऱ्या पडतात म्हणून त्यांनी तो आवाज नेहमी एक सप्तक खाली उतरवून वाजवला होता. मी वाजवला त्या जागी त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. कीबोर्ड जवळ होताच. फोन स्पीकरवर ठेवला आणि दोन्ही सप्तकांत त्यांना वाजवून दाखवला.