आधी अंधार, मग हिरवा उजेड

पीएचडीसाठी गाइडनी विषय दिला: डोळ्यांना न दिसणारं इन्फ्रारेड थेट हिरव्या उजेडात दाखवणारं ऑरगॅनिक, म्हणजे कार्बनी पदार्थांचं डिव्हाइस. मला आधी हे हिशोबातच बसेना. ८५० नॅनोमीटरच्या फोटॉनमध्ये ऊर्जा १.४६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, हिरव्याला लागते साधारण २.४. मधली तूट भरणार कोण? तर बाहेरून दिलेलं व्होल्टेज. इन्फ्रारेडचं काम फक्त दार उघडायचं.

काचेवर आयटीओ (पारदर्शक, वीज वाहणारा थर), त्यावर झिंक ऑक्साइड, मग इन्फ्रारेड शोषणारं टिन थॅलोसायनिन आणि सी६० (कार्बनचा गोल रेणू) यांचं मिश्रण, होल म्हणजे धन चार्ज पुढे नेणारं टीएपीसी, हिरवा उजेड देणारं अ‍ॅल्क्यू३, शेवटी कॅथोड, म्हणजे ऋण टोक: लिथियम फ्लोराइड आणि अ‍ॅल्युमिनियम. खाली प्रकाश टिपणारा फोटोडिटेक्टर, त्याच्याच डोक्यावर उजेड देणारा ओएलईडी. इन्फ्रारेड पडलं की थॅलोसायनिनच्या थरात चार्ज सुटे होतात. होल अ‍ॅल्क्यू३पर्यंत पोचतात, तिथे कॅथोडकडून आलेले इलेक्ट्रॉन भेटतात आणि हिरवा प्रकाश पडतो. थॅलोसायनिन-सी६० ही जोडी फ्लोरिडा विद्यापीठात फ्रँकी सो यांच्या गटानं २०१० मध्येच वापरली होती, त्यामुळे पदार्थ शोधण्यात वेळ गेला नाही.

वेळ गेला तो अंधारात. इन्फ्रारेड बंद, तरी डिव्हाइस आपलं हिरवं! आयटीओतून होल आत शिरता कामा नयेत, ते अडवायची जबाबदारी झिंक ऑक्साइडची. पण त्या थरात धुळीच्या कणाएवढं छिद्र राहिलं तरी गळती सुरू. उजळणारं डिव्हाइस कुणीही करेल, अंधारात गप्प बसणारं करून दाखवा.

लॅबमधली सीनियर ताई म्हणाली, ‘अगं, व्हॅक्यूम चेंबरला दोष देऊ नकोस, द्रावण गाळून घे.’ मग सिरिंज फिल्टर लावून झिंक ऑक्साइडचा एकावर एक असा दोनदा कोट दिला, प्रत्येक कोटनंतर हॉटप्लेटवर भाजला. काच अ‍ॅसिटोन, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मग यूव्ही-ओझोननं स्वच्छ केली. यात कंटाळा चालत नाही. इव्हॅपोरेशन, म्हणजे व्हॅक्यूम चेंबरमध्ये वाफेनं वरचे थर चढवणं, मात्र निवांत काम: पंप लावायचा आणि चहाला जायचं.

त्यानंतरच्या बॅचमध्ये ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) व्होल्टेज दिलं, काच काळीच राहिली. सीसीटीव्हीत असतो तसला ८५० नॅनोमीटरचा एलईडी समोर धरला, आणि प्रकाश पडला तेवढाच भाग हिरवा झाला. मध्ये कागदाची पट्टी धरली तर तिची सावलीही दिसली. ना पिक्सेल, ना कॅमेऱ्याचं सर्किट.

सध्या उजेड बाहेर पडतो तो इन्फ्रारेड शिरतं त्याच बाजूनं, म्हणजे बघायला एलईडीच्या आड यावं लागतं. म्हणून आता वरचा जाड अ‍ॅल्युमिनियम काढून पातळ, अर्धपारदर्शक कॅथोड लावायचं चाललंय.