तासिकेबाहेरचा तास कुणाच्या हिशेबात?

मुंबईतल्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांचं बिल घेतलेल्या तासांवर बनतं. वर्गाबाहेर शंका सोडवणं, प्रोजेक्ट तपासणं यांना त्यात रकानाच नसतो. त्यात 48 मिनिटांचं लेक्चर घड्याळी तासावर मोजलं, तर पाच लेक्चरांचे चारच तास भरतात.

यूजीसीच्या 2018 च्या नियमांत पूर्णवेळ शिक्षकाने रोज किमान पाच तास कॉलेजात उपलब्ध असावं असं म्हटलंय, आणि त्याचा पगार त्यासकट असतो. दादरचं लेक्चर संपवून ठाण्याची लोकल पकडणाऱ्याने तेच काम फुकट का करावं? कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत अर्धवेळ शिक्षकांच्या अशा वेळेचं मानधन संघटना वाटाघाटीत ठरवून घेते. आपल्याकडेही हे मागायलाच हवं.

मागणी मोघम नको. चार लेक्चरांमागे एक मार्गदर्शन तास, दर लेक्चरचाच, आणि तो नेमणूकपत्रात लिहिलेला. मग वेळापत्रकात खोलीसकट छापलेला. खोली ठरली नाही की स्टाफरूमच्या दाराशी गर्दी होते आणि मुलं यायची थांबतात. वेळ लेक्चरला लागूनच ठेवा. मधे दोन तासांचं अंतर पडलं तर विरार-कर्जतची मुलं थांबत नाहीत.

रजिस्टर वेगळं ठेवा: तारीख, वेळ, रोल नंबर, विषय, सही. विभागप्रमुखांची सही दर आठवड्याला घ्या. महिनाअखेरीस एकदम घेतली की बिल हमखास अडकतं. मूल आलं नाही तरी तो तास धरलाच पाहिजे, कारण मानधन उपलब्ध राहण्याचं आहे.