थांबा, निघू नका

मंगळवार, 10 डिसेंबर 2024, पहाटे सहा

झोप येणं शक्य नाही, म्हणून लिहायला बसलेय. हाताला, केसांना, वहीच्या पानांनासुद्धा जळक्याचा वास येतोय. दोनदा तोंड धुतलं, तरी नाकपुड्या आतून काळ्याच.

काल रात्री खोलीत वीज नव्हती. मोबाइलच्या टॉर्चवर आजच्या पेपरची उजळणी चालली होती. वारा सुटणार हे दोन दिवस सगळेच सांगत होते. हवामान खात्याने वणव्याच्या नेहमीच्या ‘रेड फ्लॅग’ इशाऱ्याच्याही वरचा, ‘विशेष धोकादायक परिस्थिती’ असा इशारा दिला होता. तो मी वाचला आणि पुस्तकात डोकं घातलं. इथे कॅलिफोर्नियात असे इशारे वाचायची सवय होऊन जाते, हे खरं तर वाईट आहे.

अकराच्या सुमारास मोबाइल कर्कश्श किंचाळला आणि पाठोपाठ दारावर थापा. विद्यापीठाशेजारच्या दरीत, मालिबू कॅन्यनमध्ये आग, कॅम्पसवरच्या सगळ्यांनी लायब्ररीत नाही तर टायलर कॅम्पस सेंटरमध्ये जमायचं. खिडकीचा पडदा सारला तर उत्तरेचा डोंगर तांबडा. उजेड असा धडधडत होता, की डोंगराच्या पाठीमागे कोणी भाता मारतंय असं वाटावं.

पाठीवरची सॅक उचलली आणि अंधारात हाताला लागेल ते आत कोंबलं. जिन्यात सगळे पटापट उतरत होते, पण पळत कोणी नव्हतं. एकीच्या हातात उशी आणि दुसऱ्या हातात टूथब्रश. बाहेर आल्यावर वाऱ्याने अक्षरशः ढकललं. हा सांता आना वारा समुद्राकडून येत नाही, वाळवंटाकडून समुद्राकडे जातो. वरच्या पठारावरची हवा दऱ्यांतून खाली घसरते, घसरताना दाबली जाते, आणि दर हजार मीटरला साधारण 10 अंशांनी तापत जाते. मूळची कोरडी हवा तापून आणखी कोरडी. डिसेंबरच्या रात्री अंगाला उन्हाळी झळ लागते ती यामुळे. मालिबू कॅन्यन डोंगररांगेला उभी चिरत जाते आणि तिच्या तोंडाशी आमचं पेपरडाइन विद्यापीठ. म्हणजे नळीच्या टोकाला बसल्यासारखंच.

लायब्ररीत पुस्तकांच्या रांगांमध्ये जमिनीवर बसलो. काचांपासून लांब राहा, असं कर्मचारी परत परत सांगत होते. मोठमोठ्या काचा आणि त्यांच्या पलीकडे लाल. लांब कसं राहणार? माणूस आगीकडे बघतोच. कोणी मास्क घातला होता, कोणी ओला टॉवेल तोंडाला धरला होता. माझ्या शेजारचा मुलगा लॅपटॉपवर अकाउंटिंगची उदाहरणं सोडवत होता, एकही आकडा न टाइप करता. स्क्रीन मंद झाली की स्पर्श करायचा, परत बघत बसायचा.

बारा वाजता आईचा फोन. तिकडे दुपारचा दीड. तिला कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता.

“तू कुठे आहेस?”

“लायब्ररीत.”

“लायब्ररीत काय करतेस? निघ आधी तिथून!”

“निघायचं नाही असं सांगितलंय, आई.”

“कोणी सांगितलंय? आग लागल्यावर थांबा म्हणून कोण सांगतं?”

याला माझ्याकडे उत्तर होतं. ओरिएंटेशनमध्ये अर्धा तास ऐकलं होतं, परीक्षेत आलं असतं तर पाच मार्कांचं छान लिहिलं असतं. पण काचेपलीकडे ज्वाळा दिसत असताना ते आईला सांगताना माझा माझ्यावरच विश्वास बसेना. बाबांनी फोन घेतला. म्हणाले, “दारं कुठे आहेत ते बघून ठेव.” बघून ठेवली. तीन.

अडीच-तीनच्या मध्ये हेलिकॉप्टरचा आवाज इतका जवळ आला, की सगळ्यांनी माना वर केल्या. खाली हिरवळीवर दोन तळी आहेत. मी इथे आल्यापासून त्यांना शोभेची तळी समजत होते. हेलिकॉप्टर त्या पाण्यावर येऊन हवेतच थांबलं, पोटाखालून सोंडेसारखा पाइप सोडला, मिनिटभर पाणी ओढलं आणि वळून डोंगरावर गेलं. रिकामं होऊन परत आलं. मग दुसरं आलं. अंधारात, त्या वाऱ्यात! मी फेऱ्या मोजायला लागले आणि कितव्या तरी फेरीला पुस्तकांच्या कपाटाला टेकून डोळा लागला.

पहाटे जाहीर झालं, की आगीचा मुख्य लोट कॅम्पसच्या पुढे सरकलाय, ठिकठिकाणी धुमसणं चालू आहे. पेपर अर्थातच रद्द.

मंगळवार रात्री

दुपारनंतर वारा फिरला आणि पुन्हा लायब्ररी. या वेळी लोक चार्जर, पांघरुणं, पत्ते घेऊन आले. दुसऱ्या खेपेला माणूस किती सराईत होतो! मला मात्र दुसऱ्या खेपेचीच भीती जास्त वाटली. काल विचार करायला वेळच नव्हता.

गुरुवार, 12 डिसेंबर

आज वरच्या रस्त्याने चालून आले. डोंगर काळा कोळसा आणि त्याला लागून हिरवी हिरवळ. मधली सीमा जवळजवळ सरळ रेषेत आहे. त्या रेषेपाशी उभी राहिले तेव्हा कुठे आईच्या प्रश्नाचं उत्तर पटलं.

आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी डोंगरावर जाळरेषा काढतं, तसंच हे. इमारतींभोवतालची झुडपं इथे दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटतात. हिरवळीला आणि झाडांना शुद्ध केलेलं सांडपाणी देतात, त्यातलंच पाणी तळ्यांत साठवतात. भिंती गिलाव्याच्या, छपरं कौलारू. घर बहुतेक वेळा ज्वाळेने पेटत नाही, निखाऱ्याने पेटतं. वाऱ्यावर उडालेला निखारा पन्हळीतल्या पाचोळ्यात किंवा माळ्याच्या झरोक्यात शिरला, की आग पुढे निघून गेल्यावर तासाभराने घर आतून पेट घेतं. जिथे निखाऱ्याला खायला काही मिळत नाही आणि पडलेला निखारा विझवायला माणूस हजर असतो, तिथे इमारत टिकते. 1972 साली विद्यापीठ लॉस एंजेलिस शहरातून या डोंगरात आलं, तेव्हापासून आगी येतच आहेत: 1985, 1993, 2018. इथली चॅपरलची झुडपं तेलकट पानांची, काही दशकांनी एकदा जळायचीच. मे महिन्यापासून पाऊस नावाला नाही, मग तर विचारायलाच नको.

आणि रस्ते? कॅम्पसमधून बाहेर पडायला मुख्य वाटा दोन. एक मालिबू कॅन्यन रोड, म्हणजे थेट आगीच्या तोंडात. दुसरी समुद्रालगतचा पॅसिफिक कोस्ट हायवे. 2018 च्या वूल्सी आगीत मालिबू रिकामं करताना या हायवेवर गाड्या तासन्‌तास मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. त्यात आमच्यासारखे हजारो विद्यार्थी घुसले असते, तर ना त्यांना वाट मिळाली असती ना आग विझवायला वर येणाऱ्या बंबांना. म्हणून थांबायचं. हे अग्निशमन दलाशी आधीच ठरवलेलं असतं, त्या रात्री कोणाच्या मनात आलं म्हणून नाही.

सोमवारी रात्री वाटत होतं, की थांबायला धाडस लागतं. धाडस कसलं! मी फक्त जमिनीवर बसले होते. मे-जूनच्या उन्हात कोयते आणि यंत्रं घेऊन झुडपं छाटणारी माणसं मी एकदा बसमधून पाहिली होती. आवाजाने त्रास होतो म्हणून कानात इअरफोन घातले होते, हेही आठवतंय.

पण गोष्ट इतकी सरळ नाही, आणि ती इथे कोणाशी बोलायला जीभ रेटत नाही. वूल्सीमध्ये 96,949 एकर जळाले, 1,643 इमारती गेल्या, तिघांचा जीव गेला. कॅम्पसवर साडेतीन हजारांच्या आसपास माणसं थांबली आणि सुखरूप राहिली. नंतर टीका झाली, की विद्यार्थी आत होते म्हणून बंब कॅम्पसभोवती अडकले आणि तेवढ्यात इतरांची घरं गेली. विद्यापीठाने आपली योजना सोडली नाही, पुढेही तीच ठेवली. मला वाटतं योजना बरोबरच आहे. तरी या खेपेच्या आगीत, जिला फ्रँकलिन नाव दिलंय, 20 इमारती पडल्या. रात्री मी मोजत होते त्या फेऱ्यांपैकी एखादी त्यांच्याकडे जाऊ शकली असती का? हेलिकॉप्टरवाले असा हिशेब करत नसणार, आग कुठे आहे एवढंच बघत असणार. पण मी करतेय.

येताना तळ्यापाशी थांबले. पाणी उतरलंय. कडेला हातभर रुंद ओल्या चिखलाचा पट्टा पडलाय आणि त्यात बदकांची नक्षीदार पावलं. पाण्यावर राखेची साय. तिला वास शेवाळाचाच, शोभेच्या तळ्याला यावा तसा नाहीच मुळी.

गुरुवार, 9 जानेवारी 2025

परवा सकाळी लॉस एंजेलिसच्या पश्चिम टोकाच्या वस्तीत, पॅलिसेड्सला आग लागली. इथून पूर्वेला, किनाऱ्याने गेलं तर काही अंतरावरच. तोच वारा, या वेळी आणखी माजलेला. धुराचा पट्टा समुद्रावर आडवा पसरलाय आणि संध्याकाळी सूर्य त्यात तांब्याच्या पैशासारखा दिसतो. मालिबूच्या पूर्वेच्या टोकाला पाण्यालगतची घरं ओळीने गेली. ज्या घरांच्या मागच्या पायऱ्या लाटेत बुडायच्या, ती जळावीत!

आईने व्हिडिओ पाठवला. सनसेट बुलेवार्डवर लोक गाड्या जागच्या जागी सोडून, मुलांना कडेवर घेऊन चालत निघालेत. मग बुलडोझर येतो आणि त्या बेवारस गाड्या बाजूला लोटून बंबांना वाट करून देतो. खाली आईने एकच ओळ लिहिली होती: “लायब्ररीतच बस हो.”

महिनाभरात बाई कुठून कुठे आली! पण पॅलिसेड्सच्या माणसांना कसली लायब्ररी? भोवती झुडपं, मोजकेच रस्ते, लाकडी डेक. त्यांना निघणंच भाग होतं आणि निघायचा रस्ताच तुंबला. थांबणं ही सोय सगळ्यांना नसते. ती आधी बांधून ठेवावी लागते, छाटून, पाणी साठवून.

त्या रात्रीची सॅक अजून दाराशीच आहे. आज पहिल्यांदा धीर करून उपसली. अंधारात काय वाचवलं होतं मी? लॅपटॉप, पण चार्जर दुसऱ्याच कसला तरी. एक मोजा. स्टेपलर. पासपोर्ट नव्हता, तो आजही टेबलाच्या खणात आहे. आणि तळाशी कुकरची शिट्टी. महिनाभर ती हरवली म्हणून मी भात पातेल्यात शिजवत होते, आणि एकदा तर त्यावरून रूममेटवर संशय घेऊन दोन दिवस तिच्याशी अबोला धरला होता.

पासपोर्ट, कागदपत्रं, योग्य चार्जर आणि मास्क भरून सॅक पुन्हा दाराशी ठेवली. शिट्टी कुकरला लावली. रूममेटला अजून सांगितलेलं नाही.